होल्डन की फोर्ड?

मंडळी, अगदी खरं सांगा, ताशी साठच्या स्पीडने गाडी चालवताना तुमच्या छातीत कधी धडधडलंय? नाही ना? माझ्याही नव्हतं. एक्स्प्रेसवेवर काटा शंभराला टेकला तरी आपण गाणी बदलण्यात दंग असतो. पण गेल्या डिसेंबरात भाड्याच्या एका साध्यासुध्या गाडीतून, साठच्या वर अजिबात न जाता, मी एक डोंगर चढलो आणि उतरलो. खाली आलो तेव्हा तळहात चक्क ओले होते, बॉस.

शेजारच्या सीटवर सत्तरी ओलांडलेला माझा मामा होता. पायात सँडल, डोक्यावर काही नाही आणि अंगात विटून गुलाबी पडलेला, एके काळी लाल असलेला होल्डनचा टी-शर्ट. एखादा पुजारी देवळाची प्रदक्षिणा घडवतो तसा तो मला वळण न् वळण दाखवत होता. "हं, आता डावीकडे. हा हेल कॉर्नर. आता सरळ वर. थांब, थांब, हळू. इथून पुढे बोलायचं नाही."

जागेचं नाव माउंट पॅनोरमा, गावाचं नाव बाथर्स्ट. सिडनीच्या पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर. तुम्ही-आम्ही जिथे जाऊन कांगारूसोबत फोटो काढतो आणि ऑपेरा हाउससमोर उड्या मारतो, त्या यादीत हे नाव नसतं. पण ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसासमोर 'बाथर्स्ट' एवढंच म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. आपल्याकडे कुणी '१९८३, लॉर्ड्स' म्हटल्यावर बाबांचा चेहरा होतो, अगदी तसा.

फंडा असा, की हा रेसट्रॅक म्हणजे खराखुरा रस्ता आहे. त्याच्या कडेला घरं आहेत. रेस नसेल त्या दिवशी कुणीही यावं, गाडी घालावी आणि साठची मर्यादा पाळून फिरावं. पोलीस असतात हां, उगाच हीरोगिरी नको! १९३८ मध्ये हा रस्ता सुरू झाला. ६.२१३ किलोमीटरचा फेरा, २३ वळणं आणि सगळ्यात खालचा बिंदू ते सगळ्यात वरचा यात १७४ मीटरचा फरक. म्हणजे जुना खंडाळ्याचा घाट घ्या, त्याला गोल वाकवून टोकं जोडा आणि म्हणा, 'चला, आता यावर हजार किलोमीटर रेस!' तसं काहीसं. वर स्कायलाइनपाशी पोचलात की समोर रस्ता गायब होतो, नुसतं आकाश. मग एकदम उतार, नागमोडी वळणं आणि शेवटी कॉनरॉड स्ट्रेट नावाचा लांबलचक सरळ पट्टा. आजच्या रेसच्या गाड्या तिथे तीनशेच्या आसपास पळतात. आम्ही साठने गेलो. मामाने तरीही वरचं हँडल घट्ट धरलं होतं.

आता हा मामा तिथे कसा पोचला ते ऐका.

१९७८ साली मामा गिरगावातल्या चाळीतून उठून थेट मेलबर्नच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात जाऊन पडला. पंचविशीचा पोरगा, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, नवीन लग्न, दोन सुटकेस. आख्ख्या चाळीत चारचाकी कुणाकडेच नव्हती आणि इथे दूध आणायचं तरी गाडी हवी. मग वापरलेली गाडी विकणाऱ्याकडे जाऊन याने गिरगावी घासाघीस केली आणि एक जुनी होल्डन किंग्जवूड घेतली. का? तर स्वस्त पडली म्हणून. रंग मामीला आवडला म्हणून. बस्स. आपण कुठल्या पक्षात नाव नोंदवून आलोय, याची बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती.

शेजारी एक गोरा कामगार राहायचा. ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात असेंब्ली लाइनवर. दारात झळझळीत फाल्कन. सहा-आठ महिने नुसतं मान हलवण्यापुरतं नातं. मग एका शनिवारी मामा गाडी धूत होता, तेव्हा कुंपणापलीकडून पहिला खराखुरा प्रश्न आला. कुठून आलास, काय खातोस, तुमच्याकडे हत्ती असतात का, यातलं काही नाही. प्रश्न होता, "म्हणजे तू होल्डनवाला का?"

मामा म्हणतो, "अरे, मला काय माहीत! मी आपलं 'हो' म्हटलं. त्या एका 'हो'वर माझी पुढची चाळीस वर्षं गेली."

या प्रश्नाचं वजन कळायला थोडा इतिहास हवा. बोअर नाही करणार, प्रॉमिस. होल्डन म्हणजे जनरल मोटर्सची ऑस्ट्रेलियन कंपनी. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला तिची पहिली संपूर्ण ऑस्ट्रेलियात बनलेली गाडी बाहेर आली, तेव्हा ती दाखवायला पंतप्रधान बेन चिफली स्वतः हजर होते. हे चिफली आधी रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर होते आणि गाव कुठलं? बाथर्स्ट! होल्डनसमोर उभी ठाकली फोर्ड. १९६० पासून तिची फाल्कन तिथेच बनायला लागली. मालक दोन्हीकडे अमेरिकन, पण बनवणारे हात तिथले, रस्ते तिथले, धूळ तिथली. देश हळूहळू दोन घरांत वाटला गेला. बाप होल्डनवाला तर पोरगा होल्डनवाला. लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका बघतात, तिकडे म्हणे दारातली गाडी बघायचे. (हे मामाचं मत. मामी म्हणते, काहीही!)

आणि दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रविवारी या दोन घरांचा हिशेब बाथर्स्टच्या डोंगरावर व्हायचा.

ही शर्यत १९६० मध्ये फिलिप आयलंडला सुरू झाली आणि १९६३ मध्ये बाथर्स्टला आली. ५०० मैल. अट अशी, की गाडी शोरूममध्ये मिळते तीच हवी. तेव्हाचे गटसुद्धा गाडीच्या किमतीवरून पाडलेले असायचे. म्हणजे प्रेक्षकांत बसलेला माणूस म्हणू शकायचा, 'ती बघ, आपली गाडी!' आणि ते शब्दशः खरं असायचं. १९६६ मध्ये तर चिमुकल्या मिनींनी पहिले नऊ नंबर पटकावले होते. पहिले नऊ! ज्या गाडीत आपण चौघं बसलो तरी गुडघे हनुवटीला लागतात, ती गाडी.

मग कंपन्यांना गणित कळलं. रविवारी जिंका, सोमवारी विका. झालं, दोघींनी शोरूमच्या नावाखाली राक्षस बनवायला घेतले. १९७१ ची फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री ही त्यातली महाराणी. चार दारं, मागे मुलांना बसायला ऐसपैस जागा, डिकी, सगळं घरगुती आणि बॉनेटखाली ५.८ लिटरचं व्ही-एट इंजिन. जेमतेम ३०० गाड्या बनवल्या. त्या काळात जगातल्या सगळ्यात वेगवान चार दारी गाड्यांमध्ये तिचं नाव घ्यायचे. २०१८ मध्ये अशी एक गाडी लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. मामाचा शेजारी हे ऐकून म्हणाला होता, "आम्ही तर ती बनवताना मध्ये सँडविच खायचो."

पण बाजारात मिळणाऱ्या गाडीची रेस म्हणजे रेसची गाडी बाजारात. जून १९७२ मध्ये सिडनीच्या एका रविवारच्या पेपरने पहिल्या पानावर बोंब ठोकली, की ताशी १६० मैल पळणाऱ्या गाड्या लवकरच तुमच्या गल्लीत येणार. मंत्री खवळले, आयाबाया घाबरल्या आणि कंपन्यांनी काही दिवसांतच आपापले नवे राक्षस गोठ्यात बांधले. आणि खरं सांगायचं तर पेपरवाल्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात ती गाडी? नको रे बाबा! १९७३ पासून नियम बदलले, रेसच्या गाडीत बदल करायला मुभा मिळाली आणि शर्यत हजार किलोमीटरची झाली.

तर १९७९. शेजाऱ्याने मामाला टीव्ही बघायला बोलावलं. सकाळी. मामाला वाटलं, तासभर बसू, चहा घेऊ, निघू. रेस संध्याकाळपर्यंत चालली! त्या वर्षी चॅनल सेव्हनने पहिल्यांदाच बाथर्स्टला गाडीच्या आत कॅमेरा बसवला. पीटर विल्यमसन नावाचा ड्रायव्हर टोयोटा सेलिका चालवता चालवता कॉमेंटेटरशी गप्पा मारत होता, जसं काही रिक्षावाल्याशेजारी बसलोय. आज आपल्याला यात काही वाटणार नाही. पण तेव्हा जगात असं कुणी फारसं पाहिलेलंच नव्हतं. मामाने तर नाहीच.

आणि त्याच दिवशी मामाला त्याचा देव भेटला. पीटर ब्रॉक. व्हिक्टोरियाचाच पोरगा, हसरा, देखणा, होल्डनचा हुकमी एक्का. गाडीचा नंबर ०५. हा नंबर दारू पिऊन गाडी चालवू नका या मोहिमेचा, कारण तिथे रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा .०५. ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स यांनी ती रेस किती फरकाने जिंकली असेल? सहा मिनिटं नव्हे, सहा लॅप! दुसऱ्या नंबरला त्यांनी सहा वेळा मागे टाकलं होतं. एवढी आघाडी असताना माणूस काय करेल? शेवटच्या फेरीत आरामात हात हलवत येईल. ब्रॉकने शेवटच्या फेरीत लॅप रेकॉर्ड मोडला. गरज काय होती? काहीच नाही. मामा म्हणतो, "त्या दिवशी मला कळलं, काम कसं करायचं असतं ते."

शेजारी तोंड पाडून बसला होता. मग उठला, फ्रिज उघडला आणि त्याने मामाच्या हातात आयुष्यातली पहिली बियर दिली. हरलेल्याने जिंकलेल्याला पाजायची, असा त्याचा नियम. पुढच्या वर्षापासून मामीही जायला लागली. रेस बहुतेक वेळा नवरात्राच्या आसपास यायची आणि मामीचे उपास. तिकडे खिरीसाठी साबुदाणा मिळायचाच, मग ती डबाभर खिचडी घेऊन जायची. शेजाऱ्याला ती इतकी आवडली, की पुढे तो सप्टेंबर लागला की विचारायचा, 'ते रेसचं खाणं करणार ना या वर्षी?' साबुदाण्याची खिचडी म्हणजे रेसचं खाणं. घ्या!

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग १९८० चा. क्वीन्सलँडचा डिक जॉन्सन नावाचा एक ड्रायव्हर आपली सगळी जमापुंजी आणि वर कर्ज घालून बनवलेली निळी फाल्कन घेऊन आला. मागे कंपनी नाही, मोठी टीम नाही आणि पठ्ठ्या ब्रॉकला मागे टाकून सुसाट पुढे! फोर्डवाले वेडे झाले. आणि १८ व्या लॅपला, डोंगराच्या चढावर, 'द कटिंग' नावाच्या वळणानंतर (कटिंग म्हटलं की आपल्याला चहा आठवतो, पण हा तर खडक फोडून काढलेला रस्ता) वरून गडगडत आलेला फुटबॉलएवढा दगड रस्त्यात. चुकवायला जागा नव्हती. गाडी खलास. माणूस कर्जबाजारी. थोड्या वेळाने टीव्हीवर बोलताना त्याचा आवाज फुटत नव्हता.

आणि मग चॅनलचे फोन वाजायला लागले. देशभरातून लोक म्हणत होते, आमचे दहा डॉलर घ्या, आमचे पाच घ्या, त्याला नवी गाडी बनवू द्या. बघता बघता सत्तर हजारांच्या वर डॉलर जमले आणि फोर्डने त्यात तेवढीच भर घातली. शेजाऱ्याच्या बायकोने दहा डॉलर दिले. आणि मामाने? कट्टर होल्डनवाल्या माझ्या मामाने, मामीला न सांगता, पाच डॉलर दिले. त्या दिवसांत पाच डॉलर म्हणजे त्याच्यासाठी चेष्टा नव्हती.

"का दिलेस?" मी विचारलं.

"अरे, तो माणूस रडत होता. आणि शेजारचाही रडत होता. मी काय खिचडी खात बसू?"

पुढच्या वर्षी, १९८१ ला, डिक जॉन्सन परत आला आणि जॉन फ्रेंचच्या साथीने बाथर्स्ट जिंकला. ब्रॉक हरला. मामा म्हणतो, की होल्डन हरल्याचा आनंद त्याला आयुष्यात एकदाच झाला. कारण त्या फाल्कनमध्ये कुठेतरी एक नट त्याच्या पाच डॉलरचा होता.

आता तुम्ही म्हणाल, वा वा, काय ते सोनेरी दिवस! थांबा. सोन्याला लागलेला गंजही बघूया. (सोन्याला गंज चढत नाही म्हणता? मग ते सोनं नसावंच.)

१९८५ पासून शर्यतीला आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले. त्या वर्षी जिंकली जग्वार. हो, तीच, जी २००८ पासून आपल्या टाटांची आहे. मग टर्बोवाल्या फोर्ड सिएरा आल्या. १९८६ मध्ये कॉनरॉड स्ट्रेटवर माइक बर्गमन हा ड्रायव्हर गेला. पुढच्या वर्षी त्या सरळ पट्ट्यात वेग मोडण्यासाठी नवीन वळण काढलं गेलं. मग आली निसानची जीटी-आर. चारही चाकांना ताकद, ट्विन टर्बो, कुणाच्या बापाला ऐकेना. लोक तिला गॉडझिला म्हणायचे. १९९१ ची बाथर्स्ट तिचीच.

१९९२ ला मामा पहिल्यांदा टीव्हीसमोरून उठून प्रत्यक्ष डोंगरावर गेला. सोबत शेजारी. एक लाल टी-शर्टात, एक निळ्या टोपीत. तंबू, चुलाण, बियर, सगळा थाट. दुपारनंतर धो धो पाऊस आला. रस्त्याचं तळं झालं आणि गाड्या एकामागून एक घसरून आपटायला लागल्या. आघाडीवरची जीटी-आरसुद्धा आपटली. रेस थांबवली गेली आणि नियमाप्रमाणे आधीच्या लॅपचा निकाल धरला. म्हणजे विजेती कोण? तीच मोडकी निसान! डिक जॉन्सनची सिएरा अजून धडधाकट पळत असताना तिचा नंबर दुसरा.

लोक भडकले. कारण होतं का? थोडं होतं. नियम कळला तरी पटत नव्हता. जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ पोडियमवर आले आणि हजारोंच्या गर्दीने त्यांच्या नावाने हूर्यो केली. हा तोच जिम रिचर्ड्स, ज्याने ब्रॉकसोबत सहा लॅपने रेस जिंकली होती. आणि त्याला नुकतंच कळलं होतं, की त्याचा मित्र, १९६७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता डेनी हल्म, त्याच रेसमध्ये स्टिअरिंगवर हार्ट अटॅक येऊन गेला. रिचर्ड्सने माइक हातात घेतला आणि गर्दीला सगळ्या देशासमोर शिवी हासडली. तुमची लाज वाटते, या अर्थाचं बोलला.

मामा त्या गर्दीत उभा होता. चौदा वर्षं त्या देशात काढलेला, होल्डनचा शर्ट घातलेला, सावळा.

"लोक नुसतं 'हू हू' नव्हते करत रे," मामा म्हणाला. हे सांगताना त्याने खिडकीबाहेर बघितलं. "आमच्या मागचे दोघं-तिघं जपान्यांबद्दल काय काय बोलत होते. गाडीबद्दल नाही, माणसांबद्दल. मला एकदम वाटलं, आपला शर्ट या लोकांना किती वेळ पुरणार? मी निसानमधून उतरलो असतो तर?"

"मग?"

"मग काही नाही. शेजारी म्हणाला, चल, घरी जाऊ. एवढंच. आठ-नऊ तासांचा रस्ता. मध्येच कुठेतरी म्हणाला, 'तो जिमी बरोबर बोलला.' पुन्हा आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही."

मंडळी, गंमत बघा. ज्या देवांसाठी हे सगळे भांडत होते त्यातले कितीतरी मामासारखेच बाहेरून आलेले. फोर्डवाल्यांचा सर्वात मोठा हीरो अ‍ॅलन मोफॅट जन्माने कॅनडाचा. जिम रिचर्ड्स न्यूझीलंडचा. १९८८ चा एक विजेता टोमास मेझेरा चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला. पण सोनेरी आठवणींचा अल्बम लावताना असे कोपरे आपण कापून टाकतो. फोटो चौकोनी दिसायला हवा ना!

१९९३ पासून मुख्य लढत पाच लिटरच्या व्ही-एटची, म्हणजे पुन्हा होल्डन विरुद्ध फोर्ड. निसानला दार बंद. लोक खूश, गर्दी परत. मामाही खूशच झाला, खोटं कशाला बोला. फक्त, तो म्हणतो, त्यानंतर तो डोंगरावर परत गेला नाही. टीव्ही बरा.

पीटर ब्रॉक बाथर्स्ट नऊ वेळा जिंकला. ८ सप्टेंबर २००६ ला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत त्याची गाडी झाडावर आदळली आणि तो गेला. महिन्याभराने बाथर्स्ट आली. विजेत्यांना पहिल्यांदाच ब्रॉकच्या नावाची ट्रॉफी दिली गेली आणि ती उचलली त्याच्याच तालमीत वाढलेल्या क्रेग लाउंड्सने, जेमी विनकपच्या जोडीने. फोर्डमधून! मामाने टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्याने होल्डनच्या देवासाठी डोळे पुसले. हिशेब फिटला म्हणायचा.

पण खरा शेवट रेसट्रॅकवर झालाच नाही. तो झाला कारखान्याच्या गेटवर. ७ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. फोर्डने ब्रॉडमेडोजची लाइन बंद केली. रविवारी बाथर्स्ट होती! म्हातारा शेजारी रिटायर होऊन जमाना झाला होता, पण तो म्हणाला, मला गेटपर्यंत सोड. मामाने सोडलं. अर्धा तास दोघं गाडीत बसून गेटकडे बघत होते. रविवारी दोघांनी रेस बघितली, पण म्हातारा मध्येच झोपला. असं कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी २० ऑक्टोबरला अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ गावातला होल्डनचा कारखाना बंद झाला. २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढायचं जाहीर केलं. बाथर्स्टला होल्डन शेवटची धावली २०२२ मध्ये आणि जाता जाता जिंकून गेली.

पुण्याच्या मंडळींना यात काही ओळखीचं वाटतंय का? तीच जनरल मोटर्स, तेच २०१७ साल. त्या वर्षी शेव्हर्लेची भारतातली विक्री थांबली. तळेगावचा कारखाना पुढे निर्यातीपुरता चालला आणि २०२० च्या डिसेंबरात थंडावला. २०२३ मध्ये ती जागा घ्यायचा करार ह्युंदाईने केला. माझी पहिली गाडी तळेगावचीच, शेव्हर्ले बीट. पहिला पगारवाढीचा चेक, पहिला ईएमआय, पहिला ओरखडा. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तूही होल्डनवालाच की!"

बाथर्स्टची शर्यत आजही होते आणि सॉल्लिड होते. जोरदार गर्दी, जोरदार आवाज. ड्रायव्हर तर कदाचित आधीपेक्षा भारी. पण २०२३ मध्ये होल्डनच्या जागी शेव्हर्ले कमॅरो आली, जी ऑस्ट्रेलियाच्या शोरूममध्ये तुम्ही जाऊन घेऊच शकत नव्हता. आतला सांगाडा सगळ्यांचा जवळपास सारखा, वरचा मुखवटा वेगळा. त्यात चूक काही नाही. गाड्या सुरक्षित झाल्या, चुरस वाढली. फक्त, दारातली गाडी आणि डोंगरावरची गाडी यांच्यातला दोर तुटला. आणि तो दोर पकडूनच तर मामा कुंपणापलीकडे गेला होता.

म्हणून मला वाटतं, सुवर्णकाळ वगैरे गाड्यांचा नसतोच. रेसचे जाणकार अजून वाद घालतात, खरा सुवर्णकाळ साठचा, सत्तरचा की नव्वदचा. मामाचं उत्तर ठरलेलं आहे, १९७९ ते १९८४. तेव्हा तो पंचवीस-तिशीत होता, ब्रॉक जिंकत होता आणि एका अनोळखी देशात त्याला कुणीतरी विचारलं होतं, तू कुणाच्या बाजूचा? या प्रश्नात एक गोष्ट आधीच मान्य केलेली असते, की तू आमच्यातला आहेस.

डोंगराच्या चढावर, कटिंगपाशी, मामाने मला वेग अजून कमी करायला लावला. मान बाहेर काढून त्याने वरच्या कड्याकडे पाहिलं. "इथेच माझे पाच डॉलर गेले," म्हणाला. मग माथ्यावर गाडी थांबवली, तेव्हा त्याने पिशवीतून एक निळी टोपी काढली. फोर्डची. शेजारी तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलाने ती आणून दिली होती. मामाने ती झटकली, आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर घातली आणि म्हणाला, "काढ फोटो. पटकन. कुणी बघेल."

खाली म्युझियमसमोर ब्रॉकचा पुतळा आहे, आपल्या कमोडोरवर उभा राहिलेला. मामा टोपीसकट त्याच्यासमोर उभा राहिला. म्हटलं, "मामा, टोपी?" म्हणाला, "राहू दे, त्याला चालतं."

परतीच्या वाटेवर चार्जिंगला लावलेल्या एका इलेक्ट्रिक गाडीकडे बघत मामा म्हणाला, "हल्ली कुणी विचारत नाही रे, होल्डन की फोर्ड. फार तर विचारतात, चार्ज व्हायला किती वेळ लागतो."

तर मंडळी, या आठवड्यात एक छोटासा होमवर्क. तुमच्या शेजारच्या फ्लॅटवाल्याची गाडी कुठली आहे, माहीत आहे? पार्किंगवरून झालेलं भांडण सोडून सांगा. त्याने ती का घेतली? रंग कुणी निवडला? विचारून तर बघा. आणि जाताना डबाभर खिचडी न्या. काय सांगावं, चाळीस वर्षं निघतील.